रश्श्यावर आलेला आळ

चिपळूणहून नागपूरला माणसं जातात ती बदली झाली म्हणून, नाहीतर लग्नकार्याला. मी गेलो तो भावोजींच्या फुप्फुसातल्या तीन गाठींसाठी.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मनोहरराव. वय एकोणसत्तर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, मुक्काम सक्करदरा. गेल्या वर्षी कर्करोगापायी त्यांची डावी किडनी काढली. किडनी गेली, पण रोगाची तीन पिल्लं फुप्फुसात निघाली. थोरलं बावीस मिलिमीटर, मधलं सतरा, धाकटं नऊ. त्यांच्यावर प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं औषध चालू होतं. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून एक डोस. तीन झाले होते, चौथा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होता. भाचा कॅनडात. ताईचा फोन आला, "चौथ्या डोसाला तू ये. हे माझं ऐकत नाहीत आणि डॉक्टरांना खरं सांगत नाहीत. दोन्हींपैकी एकाला तरी माणूस हवा."

मी वजनमापं तपासायच्या खात्यात एकोणतीस वर्षं आहे. किलो हजार ग्रॅमचाच असावा, यापलीकडे माझा या जगाकडे फारसा आग्रह नाही. नऊ दिवसांची रजा टाकली आणि बावीस दिवस राहून आलो. ज्यांच्या घरात असं औषध चालू आहे किंवा उद्या होईल, आणि ज्यांनी नागपूर पाहिलेलं नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. वाटेत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. गाडी एक तास बारा मिनिटं उशिरा पोचली.

गुरुवार, सक्करदरा

जानेवारीचा मधला आठवडा होता. ओसरीतल्या थर्मामीटरवर अकरा अंश. आमच्याकडे अठरा झालं की लोक शेकोटी पेटवतात. भावोजी दारात उभे होते, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायात मात्र काही नाही.

"ये गा साळेबुवा. तराजू आणला का संगं?"

"तुम्हाला तोलायला मोठा काटा लागेल, तो मालगाडीने येतोय."

"आता नाही लागत. सात किलो उतरलो."

हे त्यांनी हसत सांगितलं. मी सात हा आकडा लक्षात ठेवला. ताईने मला आत ओढलं. एकतीस वर्षं नागपुरात राहून ताई आमच्याशी चिपळूणचं बोलते आणि शेजारणीशी नागपूरचं, आणि मधे श्वाससुद्धा घेत नाही. मला "हातपाय धू रे" म्हणाली आणि त्याच दमात कुंपणापलीकडे, "हो वं, माझा भाऊ आला, करून राहिली ना चहा."

घर तळमजल्याचं. पुढे ओसरी, मागे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात संडास. तलावापर्यंत माझी अकराशे चाळीस पावलं. संध्याकाळी काठाने एक फेरी मारली तेव्हा आकाशात पतंग आणि पाण्यात त्यांची भांडणं. भावोजी आले नाहीत. "थंडी हाय," म्हणाले.

रात्री वडाभात होता. आपण गरम भातावर तूप घालतो. तिथे डाळींचे तळलेले वडे भातावर कुस्करतात आणि वरून कढत फोडणीचं तेल ओततात. पहिला घास घेतल्यावर मला वाटलं की ताटात काहीतरी सांडलं असावं. तिसऱ्या घासाला मी अजून तेल मागितलं. भावोजींनी मात्र दहीभात घेतला.

"एवढा वडाभात आवडतो यांना," ताई म्हणाली, "आणि बघ."

"पथ्य हाय," भावोजी म्हणाले. जन्मात पथ्य हा शब्द या माणसाच्या तोंडून मी ऐकला नव्हता. तेव्हाच शंका यायला हवी होती.

शुक्रवार, सीताबर्डी

दवाखान्यात न्यायला थर्मास हवा होता. सीताबर्डीला गेलो. ज्यांनी ती जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी: दुकानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, पण खरेदी मधेच होते. मोजे, कंगवे, मोबाइलची कव्हरं, स्वेटर, सगळं फुटपाथवर. चालायचं कुठून, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी भावोजींना विचारलं, की तुमचं औषध नेमकं करतं काय. शिक्षकाला असं विचारलं की तो जिथे असेल तिथे वर्ग भरवतो. भावोजी मोज्यांच्या गाड्याशेजारी थांबले.

"हे पाहा गा. हा फुटपाथ म्हणजे माहं शरीर. इथं रोज दोन-चार लोक नवीन ठेला लावाले पाहते. अतिक्रमणवाल्याची गाडी येते, त्याईले उचलून नेते. चांगल्या तब्येतीच्या माणसाच्या अंगातही रोज काही पेशी बिघडते, अन् रोज पकडल्या जाते. आपल्याले पत्ताही नाही लागत. समजलं?"

"समजलं."

"आता एक ठेलेवाला निघाला हुशार. गाडी आली का खिशातून पास काढते अन् दाखवते. गाडीवाला म्हणते, अच्छा, आपलाच माणूस हाय, अन् निघून जाते. मग हा ठेल्याचं दुकान करते, दुकानावर माडी चढवते. कॅन्सर म्हणजे हाच ठेलेवाला."

मोजेवाला ऐकत होता. "सर, माझ्याकडे खरा पास हाय," तो म्हणाला.

"तुले कोण बोलून राहिलं बावा. आता औषध काय करते, त्या गाडीवाल्याच्या डोळ्यावर पट्टी बांधते. पास दाखवला तरी त्याले दिसतच नाही. उचल आणि टाक गाडीत."

मला हे फार आवडलं. पण माझ्या नोकरीने लावलेली एक खोड आहे, समोरच्या मापात फट दिसली की बोट घालायचं. मी म्हटलं, "मग ज्यांच्याकडे खरे पास आहेत त्यांचं काय होतं?"

मोजेवालाही भावोजींच्या तोंडाकडे पाहू लागला. भावोजींनी पलीकडच्या गाड्यावरचा एक थर्मास उचलला आणि त्याचं झाकण फिरवून पाहू लागले. झाकण बराच वेळ फिरवलं.

शनिवार, ताई हळदीकुंकवाला

दुपारी ताई चार घरी हळदीकुंकवाला गेली. ती कोपऱ्यावरून वळली न वळली तोच भावोजी चपला घालून तयार.

"चाल. सावजी खाऊ."

सावजी म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं. मटणाचा काळपट रस्सा. वर तेलाचा थर, तो मी बोटाच्या पेराने मोजला, साधारण अर्धा सेंटिमीटर. खाली काय आहे ते चमचा बुडवल्याखेरीज कळत नाही आणि बुडवल्यावर कळून उपयोग नसतो. उपचार चालू असेपर्यंत सावजी बंद, असं ताईने बजावलेलं. मी तसं म्हटलं.

"तुही बहीण हाय, तूच नको सांगू म्हणजे झालं. आणि बरोबरीत खाऊ. तू जेवढं, मी तेवढं."

बरोबरीत खाल्लं. चार-चार तुकडे, दोन-दोन वाट्या रस्सा, दोन-दोन भाकरी. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानांना दडे. भावोजी घास घेताना डोळे मिटत होते. मला वाटलं, चवीने.

"कसं काय?" त्यांनी विचारलं.

"आमच्या तिखटात मासा तरी दिसतो."

"इथं माणूस दिसते," ते म्हणाले. "खरा कोण अन् लेचापेचा कोण ते."

मी लेचापेचा निघालो. संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत मला पाच वेळा अंगणाचा कोपरा गाठावा लागला. ताई विचारू लागली तेव्हा मी येताना गाडीत खाल्लेल्या वड्याचं नाव घेतलं. त्या वड्याला दोन दिवस उलटून गेले होते. ताईने मान डोलावली, पण नजर भावोजींकडे होती.

रविवार ते बुधवार, ओसरी

सोमवारी मी ठणठणीत झालो. ओसरीत खुर्ची टाकून संत्री सोलत बसलो. नागपूरकर संत्रं सोलत नाही, उकलतो. सालीचं एकच फूल होतं आणि फोडी आत अख्ख्या. मला तीन दिवसांत जमलं नाही. मात्र त्या खुर्चीवरून अंगणातल्या संडासाच्या दाराची कडी ऐकू येत होती, आणि ती जरा जास्तच वाजत होती.

कुणाच्या कडीचे आवाज मोजणं सभ्यपणाचं नाही, हे मला कळतं. पण मी पावलं मोजतो, फोडी मोजतो, तेव्हा कडीच तेवढी कशी सोडणार. ताई बहुतेक वेळ स्वयंपाकघरात, तिथे मिक्सर चालू. सोमवारी भावोजी सहा वेळा गेले. मंगळवारी सात. बुधवारी दुपारी चारपर्यंत नऊ. शिवाय खिशातून एक गोळी काढून पाण्याशिवाय गिळताना मी त्यांना दिवसातून तीनदा पाहिलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणलेली, पोट बांधायची.

दवाखान्याने दिलेलं एक कार्ड होतं. पहिल्या डोसाच्या वेळी हातात देतात आणि घरी सगळ्यांनी वाचावं म्हणून सांगतात. ते कार्ड भावोजींच्या नकाशाच्या पुस्तकात सापडलं, आफ्रिकेच्या पानावर, खूण म्हणून ठेवलेलं. त्यात अंगावर पुरळ, कोरडा खोकला, फार थकवा अशी यादी होती आणि वर ठळक अक्षरांत, की नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा पातळ शौचाला होत असेल तर वाट न पाहता कळवा, आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका.

मी कार्ड घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. ताई दळणाला गेली होती.

"नऊ," मी म्हटलं.

"काय नऊ?"

"आज. आणि अजून चारच वाजलेत."

"तू माह्या संडासाची हजेरी घेऊन राहिला का गा?"

"हो."

"रस्सा हाय तो. आमच्या इथं सावजी खाल्लं का चार-पाच दिवस असंच राहते."

"रस्सा मीही खाल्ला. चार तुकडे, दोन वाट्या, दोन भाकरी. मी कोकणातला, माझं पोट दह्याताकाचं. माझं दीड दिवसात थांबलं. तुमचं तिसऱ्या, चौथ्या दिवशी वाढतंय. रश्श्याने एवढा पंक्तिप्रपंच केला नसणार."

भावोजी खुर्चीत बसले. बसताना दोन्ही हात टेकवले. ते त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

"बस," म्हणाले. मग खालच्या आवाजात, "परवा डोस हाय. हे सांगितलं तर डोस नाही देत. माहीत हाय मले, माह्या बाजूच्या खाटेवरच्या माणसाचा असाच थांबवला. डोस थांबला तर त्या गाठी काय माह्यासाठी थांबून राहीन? बावीसच्या बत्तीस होईन. हगवणीनं माणूस मरत नाही गा. त्यानं मरते." आणि छातीवर बोट ठेवलं.

मी कार्डावरची ती ठळक ओळ त्यांच्यापुढे धरली.

"डोस होऊन जाऊ दे. शनिवारी मी स्वतः सांगतो. तुले तुह्या ताईची शपथ."

शपथ मी घेतली नाही. नाहीही म्हटलं नाही. मी कार्ड पुन्हा आफ्रिकेत ठेवून दिलं. त्या संध्याकाळी तलावावर गेलो आणि एक फेरी मारायची ती तीन मारल्या. सांगितलं आणि डोस थांबला, गाठी वाढल्या, तर मी बहिणीच्या घरात काय केलं असं होईल? नाही सांगितलं आणि पोटानेच घात केला, तर? दोन्ही पारड्यांत तोच माणूस बसला होता. असा काटा मी कधी तपासलेला नाही.

गुरुवार, रामदासपेठ

डोसाच्या आदल्या दिवशी रक्ततपासणी आणि डॉक्टरांची भेट असते. रामदासपेठेत दवाखाने इतके जवळजवळ आहेत की रिक्षावाला "कोणता दवाखाना" असं न विचारता "कोणता आजार" असं विचारतो. आम्ही तिघं आत गेलो. डॉक्टर बाई चाळिशीच्या, यवतमाळकडच्या. चष्मा डोक्यावर ठेवून कागद वाचतात.

"काका, कसं काय? पोट ठीक?"

"एकदम फर्स्ट क्लास."

"शौचाला किती वेळा?"

"दोनदा. कधी तीनदा."

"नऊ," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. "तुम्ही कोण?"

"मी यांचा साळा. काल चारपर्यंत नऊ, झोपेपर्यंत अकरा. परवा सात, त्याच्या आदल्या दिवशी सहा. पोट बांधायच्या गोळ्या घेताहेत, दिवसाला तीन."

"बाहेरचं काही खाल्लं?"

"छे हो," ताई म्हणाली, "सगळं घरचं."

आता इथे गप्प बसणं मला सहज शक्य होतं. पण अर्धवट माप देणं हाच आमच्याकडे गुन्हा आहे. "शनिवारी दुपारी सावजी," मी म्हटलं. "आम्ही दोघांनी. सारखंच."

ताईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावोजींकडे, आणि मग हातातली फाइल मांडीवर फार हळू ठेवली. मला डॉक्टरांपेक्षा त्या फायलीची भीती वाटली.

"मग शनिवारपासून सुरू झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

भावोजी खाली पाहात होते. "नाही," ते म्हणाले. "त्याच्या आधी. हा आला त्याच्या आदल्या दिवसापासून, बुधवारपासून."

"आधी?" ताई म्हणाली. "मग पोट बिघडलेलं असताना सावजी खाल्लं तुम्ही?"

"म्हणून तर खाल्लं वं. तुले आज ना उद्या समजलंच असतं. म्हटलं, रश्श्यावर ढकलता येईन. सावजी खाल्लं म्हणून तू चार दिवस बोलशीन, बोलू दे. डोस तर होऊन जाईन."

म्हणजे गुरुवारचा दहीभात पथ्याचा नव्हता, आणि शनिवारी डोळे मिटून घेतलेले घास चवीचे नव्हते. माझं पोट दीड दिवस मोडलं ते यांना साक्षीदार हवा होता म्हणून. मला राग यायला हवा होता. पण हा माणूस पोटात आग असताना दोन वाट्या रस्सा प्यायला होता, फक्त अजून एक डोस मिळावा म्हणून. राग कुठून आणणार.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "काका, रश्श्याने बिघडलं तर दोन-तीन दिवसांत निवळतं. हे औषधामुळे आहे बहुतेक. आम्ही तुमच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढला. ती गाठीवर धावली तसंच आता तुमच्या आतड्यावर धावतेय. गोळ्यांनी आवाज बंद होतो, मारामारी चालूच राहते. उद्याचा डोस नाही. आत्ता भरती व्हा."

"मॅडम, म्हणजे खऱ्या पासवाल्यालेही उचलून राहिले," भावोजी म्हणाले. डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. सीताबर्डीवरच्या माझ्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले.

वॉर्ड

जंतूंची तपासणी झाली, जंतू नव्हते. दुर्बिणीने आतडं पाहिलं, लाल आणि सुजलेलं होतं. रस्सा निर्दोष सुटला. मग शिरेतून स्टेरॉइड सुरू झालं. माझा प्रश्न तिथेच होता. बाहेर गाठून मी डॉक्टरांना विचारलं, की स्टेरॉइड म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपायांनाच झोपवायचं औषध ना? मग गाठीवरचे शिपाईही झोपतील?

"झोपू शकतात," त्या म्हणाल्या. "पण आतड्याला भोक पडलं तर गाठीचा प्रश्नच उरणार नाही. आधी जे जळतंय ते विझवायचं."

मग त्यांनी एक सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण मला ते ठाऊक नव्हतं. आपली प्रतिकारशक्ती नेहमी रोगाच्या विरुद्धच असते असं नाही. गाठीच्या आत शिरलेल्या शिपायांपैकी काही तिथेच रमतात. ते गाठीला खाऊपिऊ घालतात, तिच्याकडे नव्या रक्तवाहिन्या वळवायला मदत करतात, आणि बाहेरून येणाऱ्या शिपायांना दारातच थोपवतात. त्यामुळे "इम्युनिटी वाढवा" म्हणून जे काढे आणि भुकट्या शेजारीपाजारी आणून देतात, त्यांना त्या हात जोडतात. कुणाची शक्ती वाढवताय, हे आधी ठरवा म्हणतात. ताईच्या शेजारणीने आणलेल्या तीन बाटल्या मी त्याच दिवशी ओतून टाकल्या आणि रिकाम्या बाटल्या धुऊन परत केल्या.

भावोजी सहा दिवस भरती होते. माझ्याशी एक शब्द नाही. मला पाणी हवं आहे का हेसुद्धा ताईला विचारायचे. "त्याले विचार वं, चहा झाला का." मी तीन फुटांवर उभा. ताईही मधली टपालवाली होऊन थकली. एकदा मला व्हरांड्यात म्हणाली, "त्यांना वाटतं तू त्यांचं औषध तोडलंस."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते स्कॅननंतर सांगीन," ताई म्हणाली. ती चिपळूणची, आमच्या घरची भाषा होती, आणि म्हणूनच लागली.

आकडे मात्र उतरत होते. अकरा, आठ, पाच, तीन. हे मी नाही, नर्स लिहीत होत्या.

स्कॅन

घरी आल्यावर सोमवारी स्कॅन झाला, मंगळवारी रिपोर्ट. डॉक्टरांची वेळ दुपारची होती, पाकीट सकाळीच हाती आलं. दवाखान्याच्या बाकावर तिघं बसलो, ताई मधे.

"उघड," ताई म्हणाली.

"त्याले दे," भावोजी म्हणाले, माझ्याकडे न पाहता. "त्याच्याशिवाय कोणाले येते आकडे वाचाले."

मी उघडलं. तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत तेरा आणि पुढे बावीस. दुसरीत आठ आणि पुढे सतरा. तिसरीत नऊ आणि पुढे नऊ. मी तो कागद दोनदा वाचला. तेराची बावीस, आठाची सतरा. आयुष्यभर लोकांच्या मापात खोट काढली, आणि आज मला वाटलं, हे माप खोटं निघालं तर बरं.

"वाढल्यात," मी म्हणालो. "दोन वाढल्यात. एक तेवढीच आहे."

भावोजींनी स्वेटरची बटणं एक-एक करून लावली. बाहेर ऊन होतं. ताईने माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला. तिला आकड्यांचं काही पडलेलं नसतं. ती कुठलाही कागद डोक्यापासून वाचते, आधी नाव, मग वय, मग तारीख.

"अरे," ती म्हणाली. "बावीस आधीचीच होती ना? ही बघ वर तारीख. पहिला रकाना कालचा आहे. जुना पुढे दिलाय."

मी पाहिलं. ताजं माप आधी आणि जुनं नंतर, अशी त्या कागदाची रीत होती. बावीस, सतरा, नऊ हे तिन्ही आकडे मला चिपळूणपासून पाठ होते, आणि समोर आल्यावर ते जुने आहेत हे मला ओळखता आलं नव्हतं. बावीसची तेरा झाली होती, सतराची आठ. नऊ तेवढी नऊ.

बारा दिवसांनी भावोजी माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"काहून गा साळेबुवा, तुह्या हापिसात असंच मोजून राहते का?"

"नाही."

"नाही कसं? चिपळूणचे लोक तेरा किलो घेऊन बावीसचे पैसे देऊन राहिले असतीन."

मला हसू आवरेना, आणि ते हसू नुसतं हसू नव्हतं, म्हणून मी उठून पाणी पिऊन आलो. परत आलो तर ताई पदराने चष्मा पुसत होती आणि भावोजी लावलेली बटणं पुन्हा काढत होते.

दुपारी डॉक्टर म्हणाल्या, की औषध पुन्हा द्यायचं नाही, निदान सध्या. भावोजींनी विचारलं, मग गाठींकडे पाहाणार कोण? त्या म्हणाल्या, काही जणांत शिपाई एकदा शिकले की औषधाविना काम चालू ठेवतात, काहींत नाही. "तुमच्यात आत्ता चालू आहे, एवढंच मला दिसतं. पुढचं तीन महिन्यांनी स्कॅन करून बघू. वचन देत नाही."

"आणि त्या शुक्रवारी डोस घेतला असता तर?"

"तर बहुतेक आपण ऑपरेशनच्या टेबलाजवळ भेटलो असतो."

भावोजींनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन महिने मोकळे हाय. तुह्याकडं येतो."

चिपळूण

ताईच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. भावोजी चिपळूणला एकदाच आलेत, वरात घेऊन, आणि माशाचा वास येतो म्हणून दुसऱ्या दिवशी निघून गेले. पोरांना आयुष्यभर पश्चिम किनारपट्टी शिकवली ती भिंतीवरच्या नकाशात काठीने दाखवून; समुद्र स्वतः पाहिलेला नाही. आता परवाच्या गाडीने येताहेत, पंधरा दिवसांसाठी. तांदळाची पेज आणि मऊ भात यांची बायकोने तयारी केली आहे. मासा त्यांना दाखवायचा की लपवायचा, यावर घरात दोन मतं आहेत.

येण्याआधी फोनवर त्यांनी एक अट घातली. "मोजणं बंद. कबूल हाय तर येतो, नाहीतर समुद्र राहू दे." मी कबूल म्हटलं. पण निघताना डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं आहे, की या औषधाचा दुष्परिणाम ते थांबल्यावर काही महिन्यांनीसुद्धा डोकं वर काढू शकतो, तेव्हा घरात कोणाचं तरी लक्ष हवं.

आमच्या घरात संडास एकच आहे, माझ्या खुर्चीपासून सात पावलांवर. काल त्याच्या कडीला तेल घालायला बायको निघाली होती, मी बाटली काढून घेतली. वचन मी मोजण्याबद्दल दिलं आहे, ऐकण्याबद्दल नाही.